ऑर्गनपाशी बसलेला माणूस : अँटोन ब्रुकनर



येत्या २२ नोव्हेंबरला संत सिसिलियाचा सण आहे. संगीताची आणि गायकवृंदांची ही आश्रयदाती संत. दरवर्षी या सुमारास आम्ही मिस्साच्या शेवटी आपल्या गायकवृंदाचे आभार मानतो, आपण टाळ्या वाजवता आणि पुढच्या रविवारी सारे पूर्ववत होते. यंदा केवळ आभारांवर भागवू नये असे आम्हाला वाटले. त्याला एक कारण घडले आहे, ते आधी सांगतो.

पावसाळ्यातली गोष्ट. त्या रविवारी अर्पणाचे गीत लांबले. आम्ही वेदीवर तयार उभे होतो, बाहेर पाऊस होता, मिस्सानंतर एका आजाऱ्याकडे जायचे होते. आम्ही पेटीकडे पाहून हाताने खूण केली आणि गीत अर्ध्या कडव्यावर थांबवले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. पेटी वाजवणारा मुलगा रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त रात्रपाळी करून, घरी न जाता थेट चर्चमध्ये येतो. त्या दिवशीही तसाच आला होता. मिस्सा संपल्यावर तो काही बोलला नाही. त्याने पेटी मिटली, तिच्यावर कापड घातले आणि निघून गेला. पुढचे तीन रविवार पेटी बंद होती.

त्या तीन आठवड्यांत आम्ही सेमिनरीच्या दिवसांपासून आवडत आलेल्या एका माणसाचे चरित्र पुन्हा काढून वाचले. हा माणूस आयुष्यभर चर्चच्या ऑर्गनपाशी बसला, गायकवृंद चालवला, अपमान सोसले आणि शेवटी ऑर्गनच्याच खाली चिरनिद्रा घेतली. त्यांचे नाव अँटोन ब्रुकनर. २०२४ साली त्यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली. जगभरच्या संगीतसभागृहांत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते, पण आज आम्ही त्यांची ओळख आपल्याला करून देणार आहोत ती चर्चचा एक सेवक म्हणून.

शाळामास्तराचा मुलगा

ऑस्ट्रिया देशात लिंझ शहराजवळ आन्सफेल्डन नावाचे गाव आहे. तेथे ४ सप्टेंबर १८२४ रोजी अँटोनचा जन्म झाला. वडील शाळामास्तर, आजोबाही शाळामास्तर. त्या काळी तिकडच्या खेड्यांत शाळामास्तराचे काम मुलांना अक्षरे गिरवायला लावून संपत नसे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, गायकांना बसवायचे, घंटा वाजवायची, वेदीची मांडामांड करायची, हे सगळे त्याच्याच गळ्यात असे. आपल्याकडच्या जुन्या मिशनच्या गावांतले मास्तर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आठवडाभर शाळा, आणि फादर दुसऱ्या गावी गेले की प्रार्थना चालवणारे आणि गाणी शिकवणारे तेच मास्तर. गोव्यातही धर्मग्रामाच्या शाळेतले ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून शिकून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून काढले.

अँटोन दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला ह्योर्शिंग या गावी योहान वाइस नावाच्या नातलगाकडे ठेवण्यात आले. वाइस त्याचे धर्मपिताही होते आणि उत्तम ऑर्गनवादक होते. तेथे तो ऑर्गन आणि स्वरांची जुळणी शिकू लागला. पण वडील आजारी पडले आणि मुलाला परत यावे लागले. जून १८३७ मध्ये वडील वारले तेव्हा अँटोन बारा वर्षांचा होता आणि भावंडांत सर्वांत मोठा. मास्तर गेले म्हणजे मास्तरांचे घरही गेले, कारण ते शाळेचे. आईने थोरल्या मुलाचा हात धरला आणि जवळच्या सेंट फ्लोरियनच्या मठात त्याला नेऊन सोडले. मठाच्या गायकवृंदात गाणाऱ्या मुलांना तेथे राहायला, जेवायला आणि शिकायला मिळत असे. मठाधिपती मिखाएल आर्नेत यांनी मुलाला ठेवून घेतले.

एका विधवेने नाइलाजाने उचललेले हे पाऊल. पण पुढे ब्रुकनर जगात कोठेही गेले तरी त्यांचे घर हाच मठ राहिला.

मठातला मोठा ऑर्गन

सेंट फ्लोरियनचा मठ ऑगस्टिनियन धर्मगुरूंचा. तेथल्या चर्चमध्ये एक प्रचंड ऑर्गन आहे. फ्रान्झ झेवियर क्रिसमान या धर्मगुरू-कारागिराने तो १७७० ते १७७४ या काळात बांधला. आज त्याला ब्रुकनर-ऑर्गन म्हणतात आणि त्यात सात हजारांहून अधिक नळ्या आहेत.

ऑर्गन म्हणजे काय हे समजण्यासाठी आपली पेटी डोळ्यांसमोर आणा. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या, आणि आत वाऱ्याने थरथरणारे पितळी रीड. ऑर्गनमध्ये रीडच्या जागी बहुतेक ठिकाणी धातूच्या आणि लाकडाच्या नळ्या असतात. काही बोटाएवढ्या, काही दुमजली घराएवढ्या उंच. वादकापुढे पट्ट्यांच्या तीन-चार ओळी असतात आणि पायांखालीही एक ओळ असते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवतात. वीज येण्यापूर्वी भाता दाबायला वेगळी माणसे लागत. वादक लोकांना दिसत नसे, आणि भाता दाबणारे तर कोणालाच दिसत नसत.

आपली पेटी ही या ऑर्गनचीच धाकटी बहीण. लहान चर्चना मोठा ऑर्गन परवडत नसे, म्हणून पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात पायाने भाता मारायचे हार्मोनियम तयार झाले. ते आपल्या देशात आले, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास मांडी घालून वाजवता येईल असा हातपेटीचा घाट त्याला दिला. मराठी संगीत नाटकांत पायाने चालवायचा ऑर्गन गाजला तोही याच कुळातला. खरा नळ्यांचा ऑर्गन ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मुंबईला गेल्यावर कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये डोकवावे.

मठात अँटोनला अँटोन काटिंगर या ऑर्गनवादकाने शिकवले. आवाज फुटल्यावर गाणे थांबले, पण ऑर्गन सुटला नाही.

शेण उपसणारा संगीतकार

सोळाव्या वर्षी काय व्हायचे हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा अँटोनने वडिलांचाच पेशा निवडला. लिंझमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन १८४१ मध्ये विंडहाग या दूरच्या खेड्यात सहायक शिक्षक म्हणून तो रुजू झाला. वय सतरा. पगार नावापुरता. शाळेखेरीज पहाटे घंटा वाजवणे, चर्चची कामे आणि वरिष्ठ मास्तरांच्या शेतावर राबणे, खत पसरणे हेही त्याच्याकडे होते. चार पैसे मिळावेत म्हणून रात्री गावकऱ्यांच्या नाचाच्या कार्यक्रमात व्हायोलिन वाजवावे लागे. या खेड्यात १८४२ च्या सुमारास त्याने एक छोटी मिस्सा रचली. हाताशी होते तेवढ्यावर भागवली : एक गायिका, दोन हॉर्न आणि ऑर्गन.

वरिष्ठांशी पटेना. मठाधिपती आर्नेत यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी १८४३ च्या सुरुवातीस त्याची बदली क्रोन्स्टॉर्फला केली. गाव लहान, पण मठाजवळ. तेथून एन्स गावी जाऊन लेओपोल्ड झेनेट्टी यांच्याकडे तो बाखच्या रचना शिकू लागला. १८४५ मध्ये शिक्षकाची पुढची परीक्षा उत्तीर्ण होऊन ब्रुकनर सेंट फ्लोरियनच्याच शाळेत शिक्षक म्हणून परतले. पुढची दहा वर्षे ते तेथे होते. काही वर्षांत मठाचा मोठा ऑर्गनही त्यांच्याकडे आला. फ्रान्झ झायलर नावाच्या स्नेह्याच्या मृत्यूनंतर त्यांनी मृतांसाठीची मिस्सा रचली, ती १८४९ मध्ये मठात गायली गेली.

बंधुभगिनींनो, येथवरच्या चरित्रात मोठेपणाचे काही दिसत नाही. खेड्यातला एक मास्तर, रविवारी ऑर्गन वाजवणारा. वय तीस. तोवर एकही मोठी कामगिरी नाही. आमच्याकडे येऊन आपल्या मुलाचे पंचविशीतही काही जमले नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे आईवडील असतात. त्यांना आम्ही ब्रुकनरांचे वय सांगतो.

लिंझचे कॅथेड्रल

१८५५ च्या अखेरीस लिंझच्या कॅथेड्रलमधील ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली. ब्रुकनर स्वतःहून पुढे होईनात. जुन्या गुरुजींनी आग्रह केला तेव्हा ते चाचणीला बसले आणि सर्वांवर ताण करून गेले. जानेवारी १८५६ च्या अंतिम परीक्षेतही तेच झाले. आता ते पूर्णवेळ चर्चचे संगीतकार झाले. मास्तरकी सुटली.

पण शिकणे सुटले नाही. व्हिएन्नातील झिमोन झेश्टर या कठोर गुरूकडे ते पत्राद्वारे शिकू लागले. मध्येच कधी व्हिएन्नाला जाऊन समोर बसून शिकायचे. झेश्टर यांचा दंडक असा की शिक्षण चालू आहे तोवर स्वतःचे काही रचायचे नाही. ब्रुकनरांनी तो जवळजवळ तंतोतंत पाळला. एकतिसाव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंत हा कॅथेड्रलचा ऑर्गनवादक विद्यार्थ्यासारखा वह्यांमागून वह्या भरत राहिला. इतका की शेवटी गुरूलाच त्याच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. नोव्हेंबर १८६१ मध्ये व्हिएन्नात तज्ज्ञांच्या मंडळासमोर त्यांची परीक्षा झाली. दिलेल्या विषयावर त्यांनी ऑर्गनवर तिथल्या तिथे जे उभे केले ते ऐकून परीक्षकांपैकी हेर्बेक यांना वाटले की परीक्षा घ्यायला आपण नव्हे, हाच माणूस बसायला हवा होता.

त्यानंतरही ते ओटो किट्झलर नावाच्या, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या संगीतकाराकडे शिष्य म्हणून गेले. आपल्यापेक्षा लहान माणसासमोर वही उघडून बसणे किती जड जाते हे आपण जाणतोच.

लिंझचे बिशप फ्रान्झ योझेफ रुडिगियर हे ब्रुकनरांचे मोठे आधार. कामाचा ताण वाढला की बिशप कॅथेड्रलमध्ये येऊन एकटेच बसत आणि ब्रुकनर त्यांच्यासाठी ऑर्गन वाजवीत.

गायकवृंद आणि एक दुखावलेले मन

लिंझमध्ये ‘फ्रोहझिन’ नावाचा पुरुषांचा गायकवृंद होता. ब्रुकनर आधी त्यात गायक म्हणून गेले आणि १८६० मध्ये त्याचे संचालक झाले. १२ मे १८६१ रोजी कॅथेड्रलमध्ये मिस्साच्या अर्पणाच्या वेळी या वृंदाने त्यांची सात आवाजांची ‘आवे मरिया’ गायली. अवघ्या काही मिनिटांची ही प्रार्थना. स्त्रियांचे आवाज सुरू करतात, पुरुषांचे उत्तर देतात आणि येशूच्या नावाशी सगळे एकत्र येतात. झेश्टर यांच्या शिस्तीतून बाहेर पडतानाची ही पहिली मोठी रचना. आज जगातले असंख्य गायकवृंद ती गातात. ती अर्पणाच्या वेळची होती, हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. त्या दिवशी कोणी हाताने खूण केली असती तर?

त्याच उन्हाळ्यात ब्रुकनरांनी वृंदाला न्यूरेम्बर्गच्या गायन महोत्सवाला नेले. वृंदाने नाव कमावले. पण ब्रुकनर साधे, थोडे गावंढळ, कपड्यांनी ढगळ आणि स्त्रियांपुढे बुजणारे. मंडळींतल्या काहींनी मिळून त्यांची एक थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांना ती हसण्यावारी वाटली असेल, ब्रुकनरांच्या मात्र ती जिव्हारी लागली आणि त्यांनी संचालकपद सोडले. १८६८ मध्ये ते पुन्हा त्या जागी आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये वॅग्नर या महान संगीतकाराच्या ‘माइस्टरझिंगर’ या ऑपेरातील अखेरचा प्रवेश त्यांनी याच वृंदाकडून गाऊन घेतला. खुद्द म्युनिकमध्ये तो ऑपेरा रंगमंचावर येण्याच्या दोन महिने आधी!

थट्टा आणि परत येणे यांत सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत त्या वृंदाने काय गमावले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आजारपण

१८६७ मध्ये ब्रुकनर मानसिकदृष्ट्या कोलमडले. अतिश्रम, एकाकीपणा आणि आधीपासूनचा मोजण्याचा ध्यास. दिसेल ते मोजत सुटायचे : खिडक्या, झाडाची पाने, आकाशातले तारे. तीन महिने बाड क्रॉइत्सेन येथे थंड पाण्याच्या उपचारांसाठी त्यांना राहावे लागले. बिशप रुडिगियर यांनी त्यांच्या सोबतीला एक धर्मगुरू पाठवला.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. मनाचा आजार झाला की आपल्याकडे अजूनही घरातले लोक ते झाकतात, कोणी त्याला विश्वासाचा अभाव म्हणतात. ब्रुकनर रोज प्रार्थना करणारे होते आणि तरीही आजारी पडले. उपचार घेतले, बरे झाले आणि त्यातून उठून एफ मायनरमधील भव्य मिस्सा रचली. बिशपांनी त्यांना उपदेशाचे पत्र पाठवले नाही, माणूस पाठवला.

बरे झाल्यानंतरच्या काळात दोन गोष्टी घडल्या. झेश्टर वारले होते, त्यांच्या जागी व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात प्राध्यापक म्हणून ब्रुकनरांना बोलावणे आले. १८६८ मध्ये भीतभीतच ते गेले. सम्राटाच्या राजचॅपेलमध्येही त्यांची ऑर्गनवादक म्हणून आधी उमेदवार म्हणून आणि दहा वर्षांनी पक्की नेमणूक झाली. दुसरी गोष्ट १८६९ ची. लिंझमध्ये बिशप नवे कॅथेड्रल बांधत होते. त्यातील पहिले चॅपेल तयार झाले आणि २९ सप्टेंबरला अभिषेकाचा समारंभ ठरला. बाकीचे बांधकाम उघड्यावरच होते. तेथे तंतुवाद्यांचा नाजूक आवाज काय टिकणार? ब्रुकनरांनी आठ आवाजांचा गायकवृंद आणि केवळ फुंकीची वाद्ये अशी ई मायनर मिस्सा रचून ठेवली होती. ती त्यांच्या संचालनाखाली त्या बांधकामावर, मोकळ्या आकाशाखाली गायली गेली. त्याच चॅपेलसाठी त्यांनी ‘लोकुस इस्ते’ हे चार आवाजांचे छोटे गीत रचले. वाद्याची साथ नाही, तीनेक मिनिटांचे. जेमतेम चांगला गायकवृंदही ते बसवू शकतो. ते कॅथेड्रल पुरे व्हायला १९२४ साल उजाडले. त्याला वाहिलेले संगीत पंचावन्न वर्षे आधीच पूर्ण झाले होते.

विरून गेलेले संगीत

१८६९ मध्ये नान्सी आणि पॅरिस, १८७१ मध्ये लंडन असे दौरे ब्रुकनरांनी केले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये आणि लंडनच्या नव्याकोऱ्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा ऑर्गन ऐकून लोक थक्क झाले. ते बहुतेक वेळा लिहिलेले संगीत वाजवत नसत. एखादी सुरावट घेऊन तिथल्या तिथे तिचा विस्तार करीत. आपल्याकडचा गवई रागाचा विस्तार करतो तसेच काहीसे.

आणि येथे एक नवल आहे. त्या काळच्या युरोपातला हा अग्रगण्य ऑर्गनवादक, पण त्याने ऑर्गनसाठी लिहून ठेवलेल्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि लहान. हजारो मिस्सांत, हजारो संध्याकाळच्या प्रार्थनांत त्यांनी जे वाजवले ते ध्वनिमुद्रणाचा काळ नसल्यामुळे सारे हवेत विरून गेले.

आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना अरिस्टॉटलने केलेला एक भेद पाठ केला होता. काही कामे अशी की ती संपल्यावर मागे वस्तू उरते. कुंभाराचे काम झाले की माठ उरतो. काही कामे अशी की त्यांचे सार्थक ती करण्यातच असते. पाहणे, प्रेम करणे, प्रार्थना करणे. मागे वस्तू उरत नाही, म्हणून ती कमी ठरत नाहीत. तेव्हा परीक्षेपुरते लिहिले आणि विसरलो. ब्रुकनरांचा हा विरून गेलेला ऑर्गन वाचला तेव्हा ते खरे उमगले. रविवारी पहाटे आपल्या चर्चमध्ये वाजते आणि गायले जाते त्यातले काहीच उरत नाही. धूपाचा धूर उरत नाही तसेच. ते अर्पण असते, आणि अर्पण केलेली गोष्ट आपल्याजवळ उरायची नसतेच.

रिकामे होत गेलेले सभागृह

व्हिएन्नात ब्रुकनर मोठमोठ्या सिम्फनी लिहू लागले. सिम्फनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची, तासभर चालणारी रचना. शहरात तेव्हा संगीताचे दोन तट पडले होते, ब्राम्सचा आणि वॅग्नरचा. ब्रुकनरांनी तिसरी सिम्फनी वॅग्नरना अर्पण केली होती, त्यामुळे हान्सलिक या वजनदार टीकाकाराचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ही सिम्फनी १६ डिसेंबर १८७७ रोजी सादर व्हायची होती. ज्यांनी संचालन करायचे ते हेर्बेक दीड महिन्यापूर्वीच अचानक वारले, म्हणून ब्रुकनर स्वतः उभे राहिले. गायकवृंद चालवणे वेगळे आणि नाराज वाद्यवृंद चालवणे वेगळे. एकेक भाग संपेल तसे लोक उठून जाऊ लागले. शेवटी ब्रुकनर मागे वळले तेव्हा सभागृहात मूठभर माणसे उरली होती. त्यांत गुस्ताव माहलर नावाचा सतरा वर्षांचा विद्यार्थी होता, जो पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला. आणि राटिग नावाचा एक प्रकाशक होता. ती सिम्फनी छापण्याची तयारी त्याने त्याच प्रसंगी दाखवली.

बंधुभगिनींनो, उठून गेलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. थांबलेल्यांची आहेत.

यश आले ते साठाव्या वर्षी. ३० डिसेंबर १८८४ रोजी लाइप्झिगमध्ये आर्थर निकिश यांनी सातवी सिम्फनी सादर केली, आणि पुढच्या मार्चमध्ये ती म्युनिकमध्ये गाजली. १८८६ च्या जानेवारीत त्यांचे ‘ते देउम’ हे धन्यवादाचे स्तोत्र पूर्ण वाद्यवृंदासह व्हिएन्नात दुमदुमले. त्याच वर्षी सम्राटाने पदक दिले. १८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने, जेथे ते शिकवीत होते, त्यांना सन्मान्य डॉक्टर पदवी दिली. खेड्यातला सहायक मास्तर डॉक्टर झाला. याच काळात ते चर्चसाठी लहान लहान लॅटिन गीतेही रचत राहिले. सेंट फ्लोरियनच्या गायकवृंदासाठी १८७९ मध्ये रचलेले ‘ओस युस्ती’ हे जुन्या चर्चसंगीताच्या शिस्तीत इतके काटेकोर आहे की त्यात एकही कोमल वा तीव्र स्वरचिन्ह नाही. कीर्ती आली म्हणून रविवारचे काम त्यांना हलके वाटले नाही.

प्रार्थनेची वही

ब्रुकनरांनी लग्न केले नाही. मागण्या घातल्या, अनेकदा घातल्या, पण कोणी होकार दिला नाही. वर्ग चालू असताना चर्चची घंटा वाजली की शिकवणे थांबवून ते देवदूताचा निरोप ही प्रार्थना म्हणत आणि मग पुढे शिकवत. रोज कोणत्या प्रार्थना किती वेळा म्हटल्या याच्या खुणा ते आपल्या दैनंदिनीत करून ठेवीत. त्या वह्या आजही आहेत. त्यांत त्यांची भक्ती दिसते, तसा तो जुना मोजण्याचा ध्यासही दिसतो. आम्ही त्यांना संत ठरवायला निघालेलो नाही. माणसाची दुर्बळता आणि त्याची भक्ती एकाच वहीत, एकाच शाईने लिहिलेली असू शकते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. देवाला ती वही वाचता येते.

शेवटची, नववी सिम्फनी त्यांनी देवालाच वाहिली असे सांगतात. तिचे तीन भाग १८९४ च्या अखेरीस पुरे झाले. चौथा अपुरा राहिला. तो पुरा झाला नाही तर त्या जागी आपले ‘ते देउम’ गावे असे त्यांनी सुचवून ठेवले. जिने चढवेनात म्हणून सम्राटाने बेल्व्हेडेर राजवाड्याच्या आवारात तळमजल्याचे घर दिले होते. तेथे ११ ऑक्टोबर १८९६ रोजी दुपारी ब्रुकनरांनी डोळे मिटले. तो रविवार होता.

त्यांच्या मृत्युपत्रातील इच्छेप्रमाणे त्यांचा देह सेंट फ्लोरियनला नेण्यात आला आणि चर्चच्या तळघरात, मोठ्या ऑर्गनच्या बरोबर खाली ठेवण्यात आला. बारा वर्षांचा असताना आईने हात धरून जेथे आणून सोडले, तेथेच.

आता आपल्याविषयी

कोणी म्हणेल, फादर, कुठे ते सात हजार नळ्यांचे वाद्य आणि कुठे आपली पेटी, तबला आणि उसना आणलेला कीबोर्ड. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात नळ्यांच्या ऑर्गनचा मोठा मान राखला. त्याच दस्तऐवजात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही सांगितले. म्हणून आपल्या भजनाच्या चालींना आणि पेटीला वेदीजवळ तेवढाच हक्क आहे. आणि ब्रुकनरांनी पहिली मिस्सा एक गायिका आणि दोन हॉर्नवर भागवली होती हे विसरू नका.

आता त्या मुलाविषयी. तिसऱ्या आठवड्यानंतर आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. तेथे आणि नंतर सॅक्रिस्टीत आम्ही त्याची माफी मागितली, आणि तो परत आला. आमच्याकडून सात वर्षे लागली नाहीत ही देवाची कृपा. परंतु चूक सर्वांसमोर झाली होती आणि माफी मात्र बंद दाराआड मागितली गेली. ते पुरेसे नाही, म्हणून या पानावर आम्ही ती पुन्हा मागतो. त्या रविवारी थांबवलेले ते गीत संत सिसिलियाच्या सणाच्या मिस्सात अर्पणाच्या वेळी शेवटच्या कडव्यापर्यंत गायले जाईल. आम्ही वेदीवर हात जोडून थांबू. आपणही थांबावे.

गायकवृंदाचा सराव दर शनिवारी संध्याकाळी चर्चमध्येच होतो. सध्या पुरुषांचे आवाज कमी आहेत. आवाज साधा असला तरी चालेल, ताल राखता आला म्हणजे झाले. ज्यांना गाता येत नाही त्यांनी खुर्च्या मांडायला यावे. ऑर्गनला भाता दाबणारेही लागतातच.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू